वहीच्या मागच्या पानावरचा प्रयोग

अन्याय झाला तो अमरावतीतल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांवर. झाला यंदाच्या जानेवारीतल्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अकरावीच्या प्रात्यक्षिकात, चौथी मोजणी संपायला अठरा सेकंद बाकी असताना.

एवढं नेमकं लिहायची सवय मला त्यांनीच लावली. 'अकराच्या सुमारास' असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की ते हातातलं काम थांबवत आणि विचारत, "सुमार कोनाचा? तुहा का घड्याळाचा?"

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच बजावलं आहे. नाव वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत, असं ते म्हणतात, आणि या बाबतीत त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा आहे. जानेवारीत फिरलेल्या त्या वीस सेकंदांच्या व्हिडिओखाली त्यांचं नाव होतं आणि 'अणू' हा शब्द होता. तिसरं काहीच नव्हतं. तेवढं पुरलं. सर बाळापूरचे. घरात उर्दू, दाराबाहेर वऱ्हाडी, आणि फळ्यापाशी दोन्हींची अशी सरमिसळ की नवीन आलेल्या शहरी मुलींना वाटायचं सर भांडतायत. ते समजावून सांगत असायचे.

मी चांदूर बाजारची. अकरावीला अमरावतीत आले, तर पहिल्याच तासाला सरांनी आम्हा साठ जणांना उठवून मैदानावर नेलं. मधोमध, खेळपट्टीवर, ज्वारीचा एक दाणा ठेवला. मला म्हणाले, "तू इलेक्ट्रॉन. चालत राय, मी थांब म्हनेपर्यंत." मी चालत राहिले. शंभरावर पावलं झाली, तारेचं कुंपण आलं, त्यापलीकडे तर रस्ताच. तिथे मला उभं करून ते मैदानाच्या मधून ओरडले, "मधात काय हाय?" मी म्हटलं, काहीच नाही. "नीट पाय." मी पुन्हा पाहिलं. "काहीच नाही सर." "मंग थेच लिही. मधात दाना, दूर तू, अन् दोघांच्या मधात काहीच नाई. अनू म्हंजे एवढंच." पोट्टे हसले. परत आले तर दाणा सापडेना. सगळे वाकून शोधत होते आणि सर कमरेवर हात ठेवून खुशीत उभे. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात असतं, आणि तो असा हरवण्याइतका लहान असतो, हे मी त्यानंतर कधी विसरले नाही. इतर मास्तरांनी शिकवलेलं पुष्कळ विसरले.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असत, निळं आणि लाल. घड्याळ उलट्या मनगटावर, काटा नाडीवर येईल असं. जिन्याच्या पायऱ्या ते मोजत चढत, रोज, जणू काल रात्री कोणी एखादी काढून नेली असेल. कॅन्टीनवाल्याला अर्धा कप चहा मागायचे, आणि अर्ध्याच्या वर भरला तर परत ओतायला लावायचे. कंजूष म्हणून त्यांची टिंगल व्हायची. पैसे मात्र पूर्ण कपाचे देत.

प्रयोगशाळेच्या कपाटात पत्र्याचे तीन डबे होते. तिन्हींत एकोणीस हरभरे. हरभरे म्हणजे प्रोटॉन. त्यांची संख्या बदलली की मूलद्रव्यच बदललं; वीस झाले तर ते पोटॅशियम राहिलं नाही, चुन्यातलं कॅल्शियम झालं. तुरीचे दाणे म्हणजे न्यूट्रॉन: एका डब्यात वीस, दुसऱ्यात एकवीस, तिसऱ्यात बावीस. झाकणावर चिकटपट्टी आणि सरांचं टोकदार अक्षर. पोटॅशियम-३९, पोटॅशियम-४०, पोटॅशियम-४१. गावाकडून मराठी शाळेतून येणाऱ्या पोरांसाठी ते नावं मराठीत लिहीत. चिकटपट्टीवर हात ठेवून डबा खुळखुळवायचे आणि विचारायचे, कोणता? कोणालाच सांगता यायचं नाही. "येनारच नाई. रसायनाच्या लेखी तिघं एकच. तक्त्यात एकाच घरात राह्यतात. म्हनून समस्थानिक." मग मोजायला लावायचे.

भाषणाची हौस मला तेव्हाही होती. मी उठून म्हटलं, माणसांचंही असंच असतं ना सर, नावं वेगळी पण आतून सगळे सारखे? वर्गाने माना डोलावल्या. सर मात्र भडकले. "अनूले अनू राहू दे. मानसाचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवू नको. मानसाचं सांगाचं असन तर मानसापाशी जाऊन सांग." मी खाली बसले. आज त्या वाक्याचा उत्तरार्धच करतेय.

तीन डब्यांतला मधला, चाळीसवाला, तेवढा अस्थिर. त्यातला एखादा अणू आपसूक फुटतो आणि फुटताना एक बारीकसा कण बाहेर फेकतो. केव्हा फुटेल ते कोणालाच सांगता येत नाही. दहा हजार पोटॅशियम अणूंत असा जेमतेम एक. पण पोटॅशियम कुठे नाही? संत्र्याला आम्ही जे पोटॅश खत घालतो त्यात आहे, संत्र्यात आहे, आणि संत्रं खाणाऱ्याच्या हाडामांसात आहे.

हेच दाखवायला सर एक प्रयोग घ्यायचे. अभ्यासक्रमातले प्रयोग संपले की प्रयोगवही उलटी धरायची आणि मागच्या पहिल्या पानावर हा लिहायचा. घरून मूठभर पोटॅश आणायचं. मी स्टीलच्या डब्यात नेलं होतं. अकोल्याच्या भंगारातून, कुठल्यातरी बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या सामानातून त्यांनी एक मोजणीयंत्र उचलून आणून दुरुस्त केलं होतं. एक कण शिरला की एक टिक. आम्ही त्याला टिकटिक्या म्हणायचो. यंत्र एकच, म्हणून ते टेबलाटेबलावर फिरवत; प्रत्येक टेबलाची मोजणी वेगळी. आधी नुसत्या हवेत पाच वेळा, मिनिट मिनिट मोजायचं, कारण थोडी टिकटिक सगळीकडेच असते. मग पोटॅश शेजारी ठेवून पाच वेळा. त्या दहा मिनिटांत पोरं श्वास रोखून बसत. हवेत मिनिटाला वीस-बावीस टिका यायच्या, पोटॅशजवळ चाळीसच्या आसपास. वाढलेल्या त्या टिका म्हणजे माझ्या बापाच्या शेतातल्या खताचे फुटणारे अणू. अंगावर काटा यायचा. सर म्हणायचे, "भिऊ नका, हे काल नाई आलं. तुमी पैदा झाले तवापासून तुमच्या संगं हाय."

त्या दिवशी माझं लक्ष कुठेतरी दुसरीकडेच होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या वहीतून मी दहाच्या दहा आकडे उतरवले. सरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मोठ्याने वाचल्या. बावीस, एकोणीस, चोवीस, एकवीस, सव्वीस. तिचंही तेच. "तुमी दोघी येगयेगळ्या टेबलावर होत्या. अनूनं काय आधी तिले सांगतलं, मंग तुले?" वर्गाने हसून घेतलं. मग सर खालच्या आवाजात म्हणाले की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अणूचं फुटणं कोणाच्या सांगण्यावरून होत नाही. आता मोजलं नि मिनिटाने पुन्हा मोजलं तर आकडा वेगळा. दोघींचे दहाही आकडे ओळीने जुळले, म्हणजे एकीने मोजलेलंच नाही.

मी घाईघाईने खोडरबर काढलं. त्यांनी माझा हात धरला नाही, नुसतं वहीवर आपलं बोट ठेवलं. "खोडाचं नाई. चूक वाचता आली पायजे. नाईतर दुरुस्ती कशाची केली थे कोनाले समजन?" लाल पेनाने त्यांनी त्या आकड्यांवर एकच रेघ मारली, इतकी हलकी की खालचं सगळं दिसावं. बाजूला लिहिलं, 'पुन्हा मोज'. सही. तारीख. सुट्टीनंतर मला एकटीला बसवून दहा मिनिटं मोजायला लावलं, आणि ते स्वतः दाराशी उभे राहिले, पाठ करून, म्हणजे मला लाज वाटू नये.

आता तो मंगळवार. सोमवारच्या तुकडीतल्या एका मुलीने या प्रयोगाचा व्हिडिओ काढला होता. टिकटिक ऐकू येते आणि सरांचा आवाज: "हे तुमच्या शेतात हाय, घरात हाय, अंगात हाय. याच्यापासून पयता येनार नाई." पळता येणार नाही, एवढ्यावरच तो संपतो. 'भिऊ नका' पुढे होतं. स्टेटसला मावेना म्हणून तिने कापलं. ती मुलगी माझ्यापाशी येऊन रडली आहे, तिच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याखाली नाव आणि 'अणू' लिहून तो गावभर फिरवला, त्यांना काय कापलंय आणि काय जोडलंय ते पक्कं ठाऊक होतं.

माझी बारावी कधीच झाली, आता मी विद्यार्थी संघटनेचं काम करते. बातमी लागली तशी धावले. गेटवर पन्नासेक लोक होते. (सर विचारतील, मोजले? नाही मोजले, सर. धक्के खात होते.) कोणी ओरडत होतं, बाहेर काढा त्याला. मी मागच्या बाजूने प्रयोगशाळेच्या खिडकीशी पोहोचले. आत वीस पोरं बसलेली, टिकटिक्या चालू, सरांचे डोळे मनगटावर. फळ्यावर तीन आकडे: ४१, ३८, ४४. दारातून प्राचार्य आणि संस्थेचे सचिव आत आले. प्राचार्य म्हणाले, बंद करा, बाहेर या. सरांनी मान वर न करता डावा हात उचलला.

"अठरा सेकंद."

बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्यावर दगड पडला. एक मुलगी दचकली, पण तिची पेन्सिल थांबली नाही. प्रत्येक टिकेला एक उभी रेघ मारत होती. सचिव दाराची कडी धरून उभे. त्या अठरा सेकंदांत मला वाटलं, आता दार फुटतं आणि सगळं संपतं. टिक. टिक टिक. मग सरांनी हात खाली केला, खडू उचलला आणि लिहिलं: ३९. त्याखाली पाचवा क्रमांक टाकला. तेवढ्यात सचिवांनी भिंतीतला प्लग उपटला. पाचव्यासमोरची जागा कोरीच राहिली.

सरांना मागच्या दाराने नेलं. दुपारी गर्दी पांगल्यावर पंचनाम्यासाठी परत आणलं. पुढचं मला प्रयोगशाळेच्या परिचर काकांनी सांगितलं. संस्थेची तीन जणांची समिती आली. त्यातल्या एकाने मोबाईलवर शोधून वाचलं की पोटॅशियम-४० किरणोत्सर्गी असतं. मग कपाट उघडलं. समोर डबा, त्यावर स्पष्ट अक्षरात पोटॅशियम-४०. समिती दोन पावलं मागे सरली. काकांकडून हातमोजे मागवले, दोरा मागवला, लाख वितळवली आणि डब्याला तीन ठिकाणी सील ठोकलं. सर म्हणाले, "साहेब, त्यात हरभरे अन् तूर हाय. पोटॅश हाय थे तुमच्या कोपराजवळच्या स्टीलच्या डब्यात." साहेबांनी कोपर तेवढं काढून घेतलं आणि अहवालात लिहिलं: संबंधित शिक्षकाने उडवाउडवीची उत्तरे दिली.

खुळखुळवून जरी पाहिला असता! नाही पाहिला, भीतीने. स्टीलच्या डब्यातलं पोटॅश काकांनी संध्याकाळी कॉलेजच्या जास्वंदीला घातलं. ती यंदा लालभडक फुलली आहे.

त्याच दिवशी निलंबन. आदेशात म्हटलंय की सरांनी अभ्यासक्रमाबाहेरचा संशयास्पद पदार्थ लपवून आणला, आणि असा प्रयोग या कॉलेजात यापूर्वी कधीही झालेला नाही. वाचकहो, सही करणाऱ्या अध्यक्षांचं स्वतःचं कृषी केंद्र आहे. त्या संशयास्पद पदार्थाची पोती तिथे छतापर्यंत रचलेली आहेत आणि माझे बाबा ती तिथूनच आणतात. मी हे अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, खत वेगळं, अणू वेगळा.

सर या महिनाअखेर निवृत्त होतात. तोवर हा आदेश उभा राहिला तर ते 'निलंबित' म्हणूनच घरी जातील आणि बाळापुरात प्रत्येक जण मनातल्या मनात तो व्हिडिओ पूर्ण करून घेईल. त्यांचा धाकटा भाऊ रोज फोन करतो: भाईजान, जो माँगते लिख दो, घर आओ. सर ऐकून घेतात. भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात. जिन्यावर पावलं वाजली की बोलणं थांबवून ऐकतात, किती जण आहेत ते. मी एकदा विचारलं, भीती वाटते का सर? म्हणाले, "वाटते. मोजली नाई."

मागच्या रविवारी सचिव त्या खोलीवर आले, तेव्हा मी तिथे होते. माणूस गोड बोलतो. म्हणाले, सर, आम्हालाही वाईट वाटतं. दोन ओळी लिहून द्या, पदार्थ अनवधानाने आणला म्हणून. आम्ही आदेशच फाडून टाकतो. फाइलमध्ये कागदच राहणार नाही. रीतसर निरोप देऊ, शाल-श्रीफळ देऊ.

सरांनी त्यांच्यासाठी चहा ओतला. पूर्ण कप. मग विचारलं, "फाडनार?"

"तुमच्यासमोर फाडतो."

"मंग तुमी काय केलं होतं, थे उद्या कोनाले समजन?"

सर पुढे बोलले, हळू, वर्गात बोलायचे तसं. "फाडू नका साहेब. एक रेघ मारा, खालचं वाचता यीन अशी. सही करा, तारीख टाका. मी घरी जातो. शाल नको."

"एका रेघेसाठी हट्ट करून राहिले तुमी?"

"पोट्ट्यायच्या वह्यांत मी आजवर मारत आलो. त्यायले नाई म्हनलं कधी, जाऊ दे, पानच फाडून टाक."

सचिवांनी कप तसाच ठेवला. दाराशी थांबून म्हणाले, शनिवारी सुनावणी आहे. असा प्रयोग पूर्वी झाल्याचा पुरावा असेल तर आणा. त्यांना माहीत आहे की सरांच्या नोंदवह्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, प्रयोगशाळेला कुलूप आहे, आणि चावी त्यांच्याच खिशात आहे.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं आणि सकाळी सरांना दाखवलं. 'हजारो विद्यार्थ्यांचे लाडके, थोर शिक्षक यांच्यावर घाला! गद्दारांना धडा शिकवा!' सरांनी लाल पेन काढलं. "हजारो? मोजले?" रेघ. "लाडका? मी? कोनाचा?" रेघ. थोरवर रेघ, गद्दारांच्या अख्ख्या वाक्यावर रेघ. घाला या शब्दावर जरा थांबले, मग त्यावरही. उरलं एवढंच: विद्यार्थ्यांचे शिक्षक यांच्यावर. मी चिडून म्हटलं, सर, मग पत्रकात राहिलं काय? तुम्हाला वाचवायचं की नाही आम्ही? ते म्हणाले, "जे झालं थे लिही. अन् डबा लवकर उघडाले सांग. तुरीले सोंडे लागले तर एकवीस भरनार नाईत, मंग म्हनतीन मास्तरनं दाने चोरले."

म्हणून हे लिहिलं. मला दिसलं तेवढं, आणि काकांनी पाहिलं तेवढं.

आता तुमची पाळी. तुम्ही या कॉलेजात, कोणत्याही वर्षी, सरांच्या हाताखाली शिकला असाल, तर तुमची निळ्या पुठ्ठ्याची प्रयोगवही शोधा. माळ्यावर असेल, गादीखाली असेल, आईने लोणच्याच्या बरणीखाली घातली असेल. उलटी धरा. मागचं पहिलं पान. दहा आकडे, सरांची सही, तारीख. ती वही येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात घेऊन या. झेरॉक्स नको. नव्याने उतरवू नका, आकडे सुबक करू नका. समिती म्हणेल, तुमचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सांगा, मोजलेत म्हणून जुळत नाहीत. सगळ्यात आधी मी माझं पान टेबलावर ठेवणार आहे. त्यावर चोरलेले दहा आकडे आहेत, त्यांच्यावर लाल रेघ आहे, आणि खाली माझे खरे दहा.

आणि तुम्ही तिथे शिकला नसाल, पण जानेवारीत ते वीस सेकंद कोणाला पुढे पाठवले असतील, तर ते आता गुपचूप पुसू नका. जिथे पाठवले तिथेच, त्यांच्याच खाली लिहा: मी अर्धं पाठवलं होतं. शेवटी स्वतःचं नाव लिहा आणि आजची तारीख टाका.